स्टँडबाय

जळकोटच्या पुढं ओढ्यावरचा पूल वाहून गेला, त्याच्या बातमीसाठी तनुजा भर दुपारी लातूरहून तिथं पोचली. चॅनलला थेट प्रक्षेपण हवं होतं. बोलायला तिनं केवळाबाईला गाठलं. शाळेची पोरं हाताला धरून पाण्यातून पलीकडं नेणारी ही म्हातारी. कॅमेरामन हरिओमनं दोघींना तुटक्या कठड्यापाशी उभं केलं. तेवढ्यात तनुजाच्या कानातल्या इअरफोनवर मुंबईहून आवाज आला, "तनुजा, स्टँडबाय."

"काय म्हनले?" केवळाबाईनं विचारलं.

"उभं राहा म्हणाले, मावशी."

केवळाबाई पदर सावरून ताठ उभी राहिली.

तनुजानं अर्थ सांगितला तो अर्धाच. तयार राहा, कुठल्याही क्षणी तुला पडद्यावर घेऊ. पण घेऊच असं नाही, आणि तोवर हलायचं नाही, असा तो शब्द. नांदेडला एकदा ती पाणी प्यायला बाजूला झाली आणि नेमकं तेव्हाच स्टुडिओनं तिला जोडून घेतलं. पडद्यावर नुसती भिंत दिसली. पुढं कितीतरी दिवस तिला कामच मिळालं नाही.

ऊन कलायला लागलं. मुंबईत दुसरीच कसलीशी मोठी बातमी आली होती. तनुजानं कधीही विचारलं तरी तेच उत्तर, स्टँडबाय. केवळाबाईचे पाय थरथरायला लागले. म्हशीची धार काढायची हाय, घरी सून एकटी हाय, असं ती सांगत होती. तनुजा दर वेळी थोडं थांबा म्हणायची.

"माझं मनगट सोड, लेकी," शेवटी केवळाबाई हळूच म्हणाली.

तनुजानं खाली पाहिलं. म्हातारीचं मनगट आपण कधी धरलं, तिला आठवेना. बांगड्या कातडीत रुतल्या होत्या. तिनं हात सोडला.

"जा मावशी. चुकलं माझं."

केवळाबाई थोडी पुढं जाऊन वळली. "तू बी चल की. चहा घे."

"मला नाही येता यायचं."

"का? कुनी बांधून ठेवलंय तुला?"

तनुजानं नुसतं कानाकडं बोट दाखवलं.

म्हातारी शेताच्या वाटेनं दिसेनाशी झाली आणि कानात एकदम गडबड उडाली, स्टुडिओनं तिला जोडून घेतलं. तनुजा एकटीच बोलली. पूल, पाणी, पोरं. केवळाबाईचं नाव घेते न घेते तोच स्टुडिओनं तिचं बोलणं तोडलं. छान झालं, पुढच्या बातमीपत्रातही घेऊ, तिथंच थांब, असं डेस्कवरून सांगितलं.

कॅमेरा उतरवू का, हरिओमनं विचारलं. ती नको म्हणाली. पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी ती कठड्याला टेकलीसुद्धा नाही.