नानांच्या मुंग्या

माझ्या सासऱ्यांना नातवाचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, आणि बायको वारली हे तर रोज नव्याने सांगावं लागायचं. मग मी ते सांगणंच सोडून दिलं. "कमल कुठंय?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणते, "बाजारात गेल्यात." बाजारात गर्दी असते, उशीर होतोच, त्यामुळे दुपारपर्यंत भागतं.

पीठ-साखरेचा डबा मात्र त्यांच्या हाताला ठाऊक होता. सासूबाईंना कुणीतरी शनीसाठी मुंग्यांना पीठ-साखर घालायला सांगितलं होतं. सासूबाई गेल्या, शनीचं पुढे काय झालं देव जाणे, पण मुंग्या नानांच्या वाट्याला आल्या. सकाळी उठले की डबा घ्यायचे, अंगणातल्या द्राक्षाच्या वेलीशी वाकायचे आणि बुडाशी चिमूट सोडायचे. घरात येईपर्यंत विसरायचे. पुन्हा डबा, पुन्हा चिमूट. आमच्याकडे एखादे दिवशी माणसं अर्धपोटी झोपली असती, पण मुंग्या नाही.

"नाना, ढेकर यायला लागले असतील त्यांना," मी चिडवायची.

"त्यांनाही पोरंबाळं असतात, सूनबाई," ते म्हणायचे. एरवी मी त्यांच्या लेखी कुणीतरी बाई होते. डबा हातात असला की मी सूनबाई व्हायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वेलीची काडी त्यांनी निफाडहून आणलेली. नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा क्वार्टरच्या दारात लावली, आणि रिटायर होऊन बऱ्हाणपुरात घर बांधलं तेव्हा तिचीच फांदी इथे आणली. इथल्या उन्हात द्राक्षं धरतात ती मिऱ्याएवढी, आणि आंबट अशी की दात शिवशिवतात. तरी माझा नवरा दिगंबर म्हणायचा, "नानांचा जीव त्या वेलीत आहे."

यंदा वेल काळी पडायला लागली. पानांवर काजळी धरली, हात लावला की बोटं चिकट. खोडावर तपकिरी खपल्या होत्या, त्या आम्ही साल समजत होतो. दिगंबरने एक नखाने उचकटली तर खाली ओल.

त्याने योगेंद्रला बोलावलं. योगेंद्र दिगंबरचा वर्गमित्र, केळीवाल्यांना फवारणीचा सल्ला देत मोटारसायकलवर हिंडतो. त्याने भिंग लावून पाहिलं.

"भाभी, ये छाल नाही, किडे आहेत. खवले कीड म्हणतात. मादी एकदा बसली की हलतच नाही. वरून कवच, खाली सोंड घुसवून रस पीत राहते. अंडी पण त्याच कवचाखाली घालते आणि तिथंच मरून जाते. पिल्लं तेवढी थोडे दिन चालतात, मग तीपण बसतात."

"मग औषध मार ना," दिगंबर म्हणाला.

"कवचावर औषध काय करील? आणि असली प्रॉब्लेम या मुंग्या आहेत. किड्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, तो या पितात. बदल्यात पहारा देतात. ढालकिडे खवल्यांना खायला येतात, त्यांना या हाकलून लावतात. बॉडीगार्ड हैं पूरे. और आप लोग बॉडीगार्डला रोज नाश्ता देताय!"

आम्ही हसलो. नाना डबा घेऊन बाजूलाच उभे होते. सगळे हसताहेत म्हणून तेही हसले.

मग काम सुरू झालं. सुटी साल खरवडून जाळली, खोड ब्रशने घासलं, मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याला पट्टी गुंडाळून ग्रीस फासलं, उन्हं उतरल्यावर साबणाचं पाणी मारलं. बुडाशी मुंग्यांनी केलेली वस्ती दिगंबरने खणून काढली. आणि डबा माळ्यावर टाकला.

नाना शोधत राहिले. डाळींचे डबे उघडले, चपलांची फळी उपसली, देव्हाऱ्यामागे हात घालून पाहिला.

"काय हवंय, नाना?"

"काहीतरी काम होतं माझं," ते म्हणाले. काय ते त्यांना सांगता येईना.

मी दिगंबरला म्हटलं, "देऊन टाक डबा. फाटकाबाहेर घालू देत."

"त्यांचे पाय वेलीकडेच वळणार. थोडी कळ काढ. वेल वाचली की देऊ. वेलच गेली तर नानांजवळ राहिलं काय?"

मलाही तसंच वाटत होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, पण लागणाऱ्याला कुठे कळतं?

वेल वाचली. खपल्या वाळून गळाल्या, ढालकिडे आले, गाठीगाठीतून स्वच्छ पोपटी पानं फुटली. योगेंद्रने शेतकऱ्यांना दाखवायला फोटो काढून नेले. तोवर नानांनी शोधणंही थांबवलं होतं. रुळले म्हणून आम्हाला बरंच वाटलं. मग ते उठेनात. उठवून बसवलं तर भिंतीकडे तोंड करून बसत. घास भरवला तरच खात.

शेवटी दिगंबरने डबा काढला, पुसला, ताजी पीठ-साखर भरली आणि नानांना हाताला धरून अंगणात नेलं. "नाना, बघा, वेल कशी फुटलीय!"

दुसऱ्याच्या दारातलं झाड बघावं तसं त्यांनी पाहिलं. "छान आहे. कुणाची?"

दिगंबरने डबा हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला, झाकण नीट बसलंय का पाहिलं आणि अदबीने परत दिला. दिगंबर माझ्याकडे बघायला लागला. मीच मग पुढे झाले. त्यांना आठवावं म्हणून चिमूट घेतली, वेलीच्या बुडाशी वाकले आणि सोडली.

नानांनी घाईघाईने माझं मनगट धरलं.

"नका टाकू बाई इथं. मुंग्या लागतील. घरचे लोक रागावतात."