पाहुण्यांच्या धक्क्यावर

मित्रांनो, ऑकलंडच्या एका अरुंद खाडीत, खारफुटीच्या कडेला बांधून ठेवलेली मी एक जुनी लाकडी बोट आहे. ओहोटी लागली की मी चिखलात कलंडते आणि भरती येईपर्यंत तशीच पडून राहते. बोलायला कुणी नसते, म्हणून तुम्हाला हाक मारली.

माझा जन्म कौरी नावाच्या इथल्या उंच झाडाच्या लाकडातून झाला. मला घडवणारा म्हातारा प्रत्येक फळीवरून हात फिरवून बघत असे. पुढे कितीतरी वर्षे मी मासेमारीला गेले. लोक थांबून म्हणत, "काय देखणी बोट आहे!" मग फायबरच्या चकचकीत बोटी आल्या आणि माझ्या रंगाचे पोपडे निघू लागले.

तेव्हा शंतनूने मला घेतले. तो पुण्याहून इथे शिकायला आला आणि नोकरी करून राहिला. शहरातल्या माउंट रॉस्किल भागातली भाड्याची खोली सोडून तो माझ्यातच राहू लागला. पण त्याने मला बांधले तो नळ आणि बसथांबा जवळ असलेला धक्का पाहुण्या बोटींसाठी होता. पंधरवडा झाला की निघायचे. शंतनू दोनदा जास्त राहिला. तिसऱ्यांदा राहिला, तर मला ओढून नेऊन मोडीत काढणार होते.

नेमक्या तेव्हाच त्याच्या आई, प्रमोदिनीबाई, पुण्याहून आल्या आणि त्यांनी माझ्या आतल्या फळीवर नवरात्राचे घट बसवले. मातीत हिरवे अंकुर आले, शेजारी अखंड दिवा तेवू लागला.

धक्क्यावर देखरेख करणारी, हिने नावाची माओरी बाई एके दिवशी तिच्या भाषेत नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा, शंतनू. उद्याच्या भरतीला निघ हं. या वेळी मी काही करू शकणार नाही."

"अरे, घट बसलेत! हलवायचे नसतात," आई म्हणाल्या.

"आई, हा धक्का पाहुण्यांचा आहे."

"मग पाहुण्यांना असं मध्येच उठवतात?"

"इथे उठवतात. बोटीवर घट बसवायला कुणी सांगितलं होतं?"

"तूच म्हणालास ना, हेच माझं घर म्हणून?"

आईंनी अंकुरांवर पाणी शिंपडले.

"घट फळीवरच राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "तू घर हलव."

"म्हणजे घट हललाच की!"

"तो रोज पाण्यावर डुलतोच आहे. देवीला सवय झालीय."

दुसऱ्या दिवशी हिनेने दोर सोडला. "स्वीट ॲज, आंटी!" म्हणजे एकदम झकास, असे ती हसून ओरडली. आई दिव्याला दोन्ही हातांचा आडोसा करून बसल्या. मी आयुष्यात इतकी जपून कधी चालले नव्हते. ज्योत वाकली, पुन्हा सरळ झाली. आम्ही या खाडीत पोहोचलो.

दसऱ्याला घट उठले. आई पुण्याला परतल्या. पुढे शंतनूला दूरच्या पामर्स्टन नॉर्थ शहरात नोकरी लागली. "दर महिन्याला येतो," असे म्हणून त्याने दोर घट्ट बांधला. सुरुवातीला तो आलाही. आता हिवाळासुद्धा सरला.

इथे राहण्यालाही मुदत असते. परवा हिने छोट्या होडीतून आली, माझ्या काचेवर नोटीस चिकटवली आणि म्हणाली, "तुझा माणूस कुठे गं?" मला सांगता येईना. या महिन्यात कुणी आले नाही, तर मला ओढून नेतील.

मित्रांनो, मला इथून जायचे दुःख नाही. जन्मभर मी तेच केले. जुनी वस्तू नकोशी झाली, तर ती दुसऱ्या कुणाला द्या. मोडायचीच असेल, तर शेजारी उभे राहून मोडा. पण घट्ट बांधून ठेवून विसरू नका. बोटीला स्वतःची गाठ सोडता येत नाही.