विश्वास ठेवणारा साक्षीदार

माझ्या पाळणाघरातली मुलं दुपारी झोपायची. यात वाईट ते काय, असं कोणालाही वाटेल. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. जेवणं झाली की पडदे ओढायचे, गाद्या भिंतीशी घालायच्या आणि ज्याची कुरकुर जास्त त्याला थोपटत बसायचं. एक झोपला की दुसरा जांभई देतो. संध्याकाळी न्यायला आलेल्या आया म्हणायच्या, घरी हा कोणाला टेकू देत नाही, तुमच्याकडेच बरा झोपतो. मी फुशारून जायची.

ही झोपच एका आईने चव्हाट्यावर नेली. ही बाई मुलाला न्यायला रोज उशिरा यायची, वर मलाच घड्याळ दाखवायची. माझं तोंड फटकळ. एक दिवस चार पालकांसमोर तिला सुनावलं आणि मुलासाठी दुसरी जागा बघा म्हणून सांगितलं. आमच्या भागाचा फोनवर एक मोठा ग्रुप आहे. हरवलेली मांजरं आणि विकायचे सोफे एवढ्यासाठीच तो असतो, अशी माझी समजूत होती. तिथे तिने लिहिलं, ‘सगळी मुलं एकदम कशी झोपतात, विचारा त्यांना.’ म्हणजे काय, असं खाली कोणीतरी विचारलं. त्यावर तिनेच लिहिलं, ‘झोपेचं सिरप देते ती. मी बाटली पाहिली आहे.’

बाटली होती. तापाच्या औषधाची. एका मुलाच्या आईने डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट माझ्याकडे ठेवलेली.

नवरा गेल्यावर मी याच कामावर मुलाला वाढवलं. तोही याच गाद्यांवर लोळून मोठा झाला, आणि आता त्याचा मुलगा, माझा दीड वर्षाचा नातू, दिवसभर माझ्याकडेच असायचा. सून त्याला सोडून कामाला जायची. हे सगळं त्या दोन ओळींनी आठवड्याभरात धुऊन नेलं. एकेक दप्तर, एकेक चादर घरी गेली. नातूही येईनासा झाला. मुलगा म्हणाला, हिने लांब रजा घेतलीय, तूही जरा विश्रांती घे. मला ते खरंच वाटलं. आपलं माणूस सांगतं ते कोण पारखून घेतं.

मी वकीलबाईंकडे गेले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, त्या बाईला त्याच ग्रुपवर असं धुवायचं की तिने घर बदलावं. वकीलबाई झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसतात, बोलताना खालच्या यंत्राची घरघर चालू असते. त्यांनी आधी माझा फोन काढून घेतला. काही एक लिहायचं नाही, म्हणाल्या, तुम्ही शिवी दिलीत की उद्या ती तुमच्यावर दावा लावेल. तिने पुसून टाकायच्या आत सगळ्याचे फोटो हवेत, तारीख आणि नाव दिसेल असे. मग रस्ते सांगितले. ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर हा ग्रुप आहे तिच्याकडे तक्रार करून मजकूर काढायला लावायचा. बाईला नोटीस पाठवून माफी मागायला लावायची. तिने नाही ऐकलं तर दिवाणी दावा, नुकसानभरपाईचा आणि पुन्हा असं लिहू नये अशा मनाईचा. किंवा फौजदारी तक्रार. त्यात शिक्षा होऊ शकते, पण तोवर आपले केस पांढरे होतात. माझे आधीच झालेत म्हटलं, तर हसल्याही नाहीत.

नोटीस गेली. बाईने मजकूर पुसला आणि उत्तर पाठवलं, मी तर नुसता प्रश्न विचारला होता. आमच्याकडे दुसऱ्या ओळीचा फोटो होता म्हणून बरं. माफी काही आली नाही. आम्ही दिवाणी दावा लावला.

तेव्हा वकीलबाईंनी खरी अडचण सांगितली. तुम्ही चांगल्या आहात असं सांगणारे शंभर मिळतील, त्यांचा फारसा उपयोग नाही. ज्याने ते वाचलं, ज्याला ते खरं वाटलं आणि ज्याच्या नजरेतून तुम्ही त्यामुळे उतरलात, असा माणूस आणा. नाव गेलं हे दाखवायचं तर ते कोणाच्या मनातून गेलं, ते दाखवावं लागतं.

मी असा माणूस शोधत दारोदार फिरले. बँकेतली आई म्हणाली, छे हो, आमचा नाही बसला विश्वास, सासूबाई राहायला आल्यात म्हणून बाळ घरी असतं. सासूबाईंचा कुठे पत्ता नव्हता. फोटोग्राफर बापाने चहा पाजला आणि आम्ही तर तुमच्यासाठी भांडलो म्हणाला. त्याची मुलगी आतून डोकावली तर तिला लगेच आत ढकललं. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. सगळ्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता की माझं पाळणाघर ओस पडलं. तोंडावर म्हणा ना मेल्यांनो, की वाटलं आम्हाला खरं. मला राग त्या बाईपेक्षा या गोडबोल्यांचा यायला लागला होता.

रविवारी मुलगा भेटायला आला. मी भाजी चिरता चिरता सगळ्यांचा उद्धार करत होते. तो मध्येच म्हणाला, “मी देतो साक्ष.”

“तुझी काय साक्ष? तुला थोडंच खरं वाटलं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. “वाटलं होतं, आई. दोनेक दिवस. आम्ही बाळाला डॉक्टरकडे नेलं होतं, रक्त तपासायला. काही निघालं नाही.”

माझी सुरी थांबली.

“मी आठवून बघितलं,” तो म्हणाला. “लहानपणीच्या दुपारी मला आठवतच नाहीत. नुसती झोप आठवते.”

“झोपेतलं कोणाला आठवतं?” एवढंच माझ्या तोंडून निघालं. अर्धी चिरलेली भाजी तशीच टाकून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाही. पण वकीलबाई हरखल्या. सख्खा मुलगा, म्हणाल्या, याहून भक्कम काय असणार. शेवटी मीच त्याला फोन केला आणि ये म्हटलं. नाव परत मिळवायचं होतं, आणि ते दुसरं कोणी देत नव्हतं.

कोर्टात तो नीट बोलला. वाचलं, खरं वाटलं, आईविषयी मन गढूळ झालं. मी खाली फरशीकडे बघत ऐकलं. मग त्या बाईचा वकील उठला. त्याला दाखवायचं होतं की नुकसान असं काही झालंच नाही. दोन दिवसांत गैरसमज दूर झाला ना, त्याने विचारलं. मुलगा हो म्हणाला. वकील खुशीत आला आणि नको तो प्रश्न विचारून बसला.

“म्हणजे तुमचं बाळ पुन्हा आजीकडे जायला लागलं?”

न्यायाधीशांना त्याला उत्तर द्यायला सांगावं लागलं.

“नाही,” तो म्हणाला. “पुलापलीकडच्या पाळणाघरात असतं. ते वाचलं त्या आठवड्यापासून.”

माझी मान आपोआप वर आली. सून रजेवर नव्हती. एक दिवसही नव्हती. विरुद्ध बाजूचा वकील कागद चाळत खाली बसला. वकीलबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “उत्तम. आता निकाल आपलाच.”

बाहेर जिन्यावर मुलाने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही. रागवायचं होतं, शब्द तयारही होते, पण विचारलं भलतंच. तिथे दुपारी झोपतो का रे तो, म्हटलं. माझ्याकडे खांद्यावर घेतलं की लगेच डोळे मिटायचा.

“नाही झोपत,” तो म्हणाला. “रडतो दुपारभर.” आणि मला धीर द्यावा तसं पुढे म्हणाला, “म्हणजे काही पाजत नाहीत, त्यामुळे हिला काळजी नसते.”

मी कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरले.