ट्रंकेतल्या ताटल्या

“ह्यातल्या एकीत बी जेवायचं न्हाय, आई.” पारसनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेवटची ताटली खाटेवर ठेवली. “नऊच्या नऊ गेल्या.”

विजयमालाबाई शिलाई मशिनवरून उठल्या नाहीत. हातातल्या ब्लाउजची बाही पुरी केली, दोरा तोडला आणि मग विचारलं, “निळी पण?”

“निळीत कमी हाय. पण हाय.”

पारस शिरोलीच्या एका फाउंड्रीत लॅबमध्ये होता. भंगारात कुठला धातू किती आहे ते सांगणारं, ड्रिलसारखं दिसणारं एक यंत्र तिथं असतं. सगळे त्याला गन म्हणतात. मोबाइलवर काहीतरी बघून जुन्या रंगीत भांड्यांविषयी त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि सकाळी तो चिनी मातीच्या त्या सगळ्या ताटल्या पिशवीत घालून घेऊन गेला. वरच्या चकाकीत शिसं निघालं. केशरी आणि हळदी ताटल्यांत तर सगळ्यांत जास्त.

“भिंतीला लाव. नुसतं बघून काय होत न्हाय,” तो म्हणाला. “पण गरम, आंबट वाढू नकोस. चिंचेनं शिसं सुटतंय.”

गॅसवर चिंचेची आमटीच उकळत होती. पारस कपडे बदलायला आत गेला.

लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी, आक्कांनी, बजावलं होतं, “हाडाचं भांडं आपल्या घरात चालत न्हाय.” चिनी मातीत हाडाची भुकटी असते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि आक्कांनी एकदा ऐकलं की ती काळ्या दगडावरची रेघ. विजयमालाबाईंनी शब्द मोडला नाही. पण जुन्या बाजारात कधी एखादी ताटली दिसायची, कडेला केशरी पट्टा, मध्ये निळी फुलं, आणि शिलाईच्या पैशातली ती पिशवीच्या तळाशी घरी यायची. खाटेखालच्या ट्रंकेत बत्तीस वर्षांत नऊ जमल्या. दिवाळीला काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या.

दोन महिन्यांपूर्वी आक्का गेल्या. विजयमालाबाई रडल्या ते खरं होतं, आणि तिसऱ्या दिवशी ताटल्या आठवल्या तेही खरं होतं. आज त्या हळदी ताटलीत आमटीभात जेवणार होत्या. जन्मात दुसरं काही मागितलंच नव्हतं असं नाही, पण मिळेलसं वाटलेलं एवढंच होतं. आक्कांचं कारण खोटं होतं, पण म्हणणं खरं निघालं. मेल्यावरसुद्धा सासूच जिंकली. त्यांना याचं हसूही येईना, इतका थकवा आला होता.

धुण्याभांड्याला येणारी अनुजा दारात थबकली. “अगं बाई! काकू, किती झ्याक!”

“जेवायच्या कामाच्या न्हाईत गं.”

“मग मला द्या की. रविवारी पोरीचा वाढदिवस हाय. चार वर्षांची हुतीय.”

“विष हाय त्यात. पारसनं मशिनवर बघितलंय.”

अनुजानं ताटल्यांकडं बघितलं, मग बाईंकडं. “विष हाय म्हणता, आन् घरात ठेवताय. द्यायच्या न्हाईत तर न्हाय म्हणा की, काकू. मी काय रडणार हाय व्हय?” आणि ती मोरीकडं वळली.

बाईंना ते लागलं. सांगून पटणार नव्हतं. घंटागाडीत टाकल्या तर वाटेत कुणीतरी उचलणार. भिंतीला लावल्या तर आज ना उद्या आपल्यामागं त्या जुन्या बाजारात जाणार. तिथं येतात त्या असल्याच, कुणीतरी मेलेल्या घरातून. मग कुठलीतरी बाई पिशवीच्या तळाशी लपवून नेणार आणि लेकराला हौसेनं वाढणार.

त्यांनी कपाटातलं जुनं लुगडं काढलं, दोन ताटल्या त्यात गुंडाळल्या, परसात फरशीवर ठेवल्या आणि वरवंटा घातला. आवाज फारसा झाला नाही. अनुजा ओले हात घेऊन बाहेर आली.

“काकू, काय करताय हे!”

बाईंनी तुकडे पत्र्याच्या डब्यात ओतले आणि पुढच्या दोन घेतल्या. मग पुढच्या. अनुजा बघत राहिली. थोड्या वेळानं ती खाली बसली, आणि सुटत असलेलं लुगड्याचं टोक तिनं दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“खरंच हुतं व्हय विष?” ती हळूच म्हणाली.

“व्हय.”

शेवटची हळदी राहिली. बाईंनी तिच्या काठावरून एकदा बोट फिरवलं. वरवंटा मारला, पण घाव निसटता बसला. त्यांचा हात भरून आला होता आणि डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

“आणा काकू,” अनुजानं हात पुढं केला. “मी फोडतो.”

“नको,” विजयमालाबाई म्हणाल्या. “माझ्या हायत त्या.” आणि त्यांनी वरवंटा पुन्हा उचलला.