चौदाव्या खुर्चीवरचा मुडदा

मित्रांनो, मी एक जुना मुडदा आहे. दचकू नका! माझ्या पोटात भुसा आणि डोक्यात जुने मोजे आहेत. चित्रपटात मरून पडण्यासाठीच मला शिवलं.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सोलांज नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने मला घडवलं. तिची तान्ही निनेत शेजारी टोपलीत असे. दर दोन टाक्यांनी सोलांज तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाही. त्याच सवयीने कधीकधी माझ्याही नाकाशी!

चित्रपट मोठा विचित्र होता. दोन भुरटे चोर आणि त्यांच्या गळ्यात पडलेला मी. ते मला कधी मासळीच्या पेटीत लपवत, कधी पाद्रीबाबांच्या सायकलवर बसवत. शेवटी मला जाळायचं ठरलं होतं.

दुपारी सगळे एकत्र जेवत. मोजून तेराजण. आमच्याकडे तेराजण एका टेबलाशी बसत नाहीत. वर्षाच्या आत एक जातो म्हणतात. म्हणून दिग्दर्शक बार्नाबेसाहेबांनी मला चौदाव्या खुर्चीवर बसवलं.

"साहेब, अपशकुन टाळायला मुडदा?" सोलांज म्हणाली.

"मग काय! मरण आलंच तर याच्यावरच भागेल."

एकदा निनेत काही केल्या झोपेना. सोलांजने तिला माझ्या छातीवर टेकवलं, आणि ती गाढ झोपली. त्या दिवशी सोलांज कितीतरी दिवसांनी गरम सूप प्यायली. पुढे रोज मीच निनेतची गादी झालो.

शेवटचा दिवस आला. अंगणात गवत रचलं, रॉकेलचा डबा आला.

"उचला त्याला," साहेब म्हणाले.

कुणी हलेना. सोलांजने माझी बाही घट्ट धरली.

"बाळ झोपलंय त्याच्यावर," चोराचं काम करणारा फिर्मँ कुजबुजला. "आणि हा गेला की आपण पुन्हा तेरा."

साहेबांनी रॉकेलचा डबा बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "कॅमेरा इकडे फिरवा. आवाज न करता."

चित्रपट तिथेच संपतो: मुडद्याच्या छातीवर बाळ झोपलेलं आणि दोन चोर पावलं न वाजवता सूप वाढताहेत. कुणी म्हणालं, हा कसला शेवट? कुणी डोळे पुसले.

सामान आवरताना सोलांज म्हणाली, "साहेब, निनेतला धरून आपण पहिल्यापासून चौदाच होतो."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने माझी कॉलर सरळ केली आणि मला उचलून घरी नेलं.

आज माझा एक हात उसवलाय, भुसा सांडतो. तरी निनेतचा मुलगा माझ्यावरच झोपतो, आणि आता निनेत त्याच्या नाकाशी बोट धरते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला उचलाल, तेव्हा आधी वाकून पाहा. तिच्यावर कुणी झोपलेलं असेल.