शेठच्या चेहऱ्यामागचं दार

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. पण आता मला पाहून तुम्हाला ते पटायचं नाही. बारा वर्षं मी कारखान्याच्या कामगारांची ने-आण केली. दसऱ्याला ते मला झेंडूची माळ घालायचे. मग पेठ गावात एका शेडमागे मला उभं केलं आणि सगळे विसरले. पावसाळे माझ्या पत्र्यात मुरले.

यंदा 'झेप' युवा उपक्रमानं मुलांना खेळाच्या शिबिराला न्यायला मला घेतलं. नारायणगावात स्टिकरवाल्या ऋषीनं माझ्यासाठी स्टिकरची नवी कातडी काँप्युटरवर आखली: दोन्ही अंगांना धावणारी मुलं, पाठीवर देणगीदार अमृतशेठांचा हसरा चेहरा. पण चिकटवताना संकटकालीन दाराचं हँडल नेमकं शेठच्या नाकावर आलं.

"नाकात हँडल? राव, शेठ आपल्यालाच लटकवतील!" ऋषी हसला.

"काढ की मग," ड्रायव्हर धर्माजी म्हणाला. "ते दार कोण उघडतंय?"

हँडल निघालं, त्याबरोबर आतली मूठही निघाली. दोन्ही डिकीत पडली. दाराच्या फटींवरून स्टिकर सपाट बसला. मला गुदमरल्यासारखं झालं.

सोमवारी अवसरी खुर्दला चाळीस मुलं चढली. सोडायला आलेले आईबाप फोटो काढण्यात दंग. अक्षदा नावाची एक आई मात्र माझ्याभोवती फिरत राहिली. तिची मुलगी समृद्धी अगदी मागच्या बाकावर बसली होती.

"भाऊ, मागचं दार कुठाय?"

"हाय ना ताई, शेठच्या मागं. लई काळजी करता तुमी!"

"उघडून दाखवा."

"उशीर व्हतोय. संध्याकाळी बघू."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मग आधी मला बाजूला काढा."

"शिकलेल्या बायांचं असंच असतं," कुणीतरी टोमणा मारला. तिचे पाय हलले नाहीत.

धर्माजीनं चरफडत स्टिकर कापला, हँडल बसवलं, ओढलं. दार हललं नाही. तो दोन्ही हातांनी लोंबकळला. आतून दोघांनी लाथा घातल्या. तरी नाहीच. गंजानं ते केव्हाच गिळलं होतं. मला ठाऊक होतं.

हसणं थांबलं. मग कुणी न सांगता आया आपापल्या मुलांना हाका मारू लागल्या. पुढच्या एकाच दारातून चाळीस मुलं उतरायला किती वेळ लागतो, ते सगळ्यांनी उभ्या उभ्या पाहिलं.

मित्रांनो, मला खुशाल नटवा. पण आधी माझं दार उघडून बघा. माझ्या पोटात मुलं असतात, आणि मला ओरडता येत नाही.