न आटलेलं तळं

परिषदेचं निमंत्रण आलं तेव्हा ताईंना आधी आनंद झाला नाही, आधी पासपोर्ट आठवला. तो कपाटात कुठेतरी होता आणि त्याची मुदत कधीच संपली असणार, याची त्यांना खात्री होती.

ताई विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल संग्रह सांभाळत. विद्यापीठात आजवर झालेले प्रबंध, शोधनिबंध, प्रयोगांच्या नोंदी स्कॅन करायच्या, त्यांना नीट ओळख द्यायची आणि जगात कुणालाही वाचता येतील अशा इंटरनेटवर ठेवायच्या, हे त्यांचं काम. ते इतकं बिनबोभाट चाले, की चालतं हेच बहुतेकांच्या गावी नसे. ग्रंथालयात सगळे त्यांना ताईच म्हणत. वयाने दहा वर्षांनी मोठे असलेले संचालकसुद्धा.

आता अशा संग्रहांवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती आणि ताईंचं छोटं भाषण तिथे मंजूर झालं होतं. लहानशा विद्यापीठाचा संग्रह किती दूरवर पोचतो, असा विषय. उदाहरण म्हणून त्यांनी एकच प्रबंध निवडला होता, शहराबाहेरच्या तळ्यावरचा. संग्रहातला सगळ्यात जास्त डाउनलोड होणारा प्रबंध तोच. दरवर्षी एका ठराविक महिन्यात त्याचे आकडे असे काही चढत, की संचालक ते मोठ्या अक्षरांत छापून ग्रंथालयाच्या दारावर लावत. प्रवासाच्या अर्जावर सही करताना ते म्हणाले होते, "तळं दाखवा, आकडे दाखवा. बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल."

घरी तयारीची सूत्रं यजमानांनी हातात घेतली. ते शाळेत भूगोल शिकवत. विमान कुठकुठल्या समुद्रांवरून जाणार, हे ते जेवताना बोटाने टेबलावर काढून दाखवत, पण मधे विमान बदलायला वेळ पुरेल का, असं ताईंनी विचारलं की म्हणत, "ते काय, पळायचं." नणंदेने बॅग पाठवली. तिचं एक चाक फिरत नव्हतं, हे बॅग घरात आल्यावर कळलं. व्हिसासाठी काढलेला फोटो पाहून मुलगी म्हणाली, "आई, हा फोटो बघून ते तुला आत घेतील, पण बाहेर सोडतील की नाही शंका आहे." एकूण घरात लग्न ठरल्यासारखं चाललं होतं आणि ताईंना ते आवडत होतं.

भाषणात प्रबंधाच्या लेखकाचा फोटो दाखवावा, असं त्यांच्या मनात आलं. लेखक ग्रंथालयामागच्या गल्लीतच राहत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर त्या एका तळ्याच्या मागे लागल्यामुळे विद्यार्थ्यांनी त्यांना तळेसर हे नाव पाडलं होतं आणि पुढे पुढे टपालही त्याच नावाने यायला लागलं, असं लोक सांगत. ताई त्यांना चेहऱ्याने ओळखत. एके दुपारी त्या त्यांच्या घरी गेल्या.

सर एकटेच होते. त्यांनी चहा केला, परिषदेबद्दल सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटो नको. खरं तर तो प्रबंधच तिथून काढून टाका."

ताईंना वाटलं, विनय असेल. मोठी माणसं असं म्हणतात. त्या हसल्या.

"तो चुकलाय," सर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रबंधाचा निष्कर्ष असा होता, की तीस वर्षांत तळं आटेल. ओढ्यातून किती पाणी येतं, उन्हाने किती उडतं, शेतांना किती जातं, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं होतं. तळाशी झरे होते, ते मात्र त्यांच्या लक्षात आले नाहीत. तीस वर्षं केव्हाच उलटली. तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि रविवारी लोक त्यात होड्या चालवत होते. चूक त्यांची त्यांनाच सापडली होती, पण अकरा वर्षांनी. विभागात सांगितलं, तर विभागप्रमुख म्हणाले, पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आता कशाला उकरून काढता.

"माझ्या अक्काचं घर तळ्याच्या काठावर होतं," सर म्हणाले. "उद्या चिखलाच्या काठी राहून काय करणार, असं मीच तिला म्हणालो. तिने घर विकलं आणि इथे फ्लॅटमध्ये आली. तिला मी आजपर्यंत काही बोललेलो नाही. तीही बोललेली नाही."

ताईंनी नियम सांगितला. संग्रहातलं काही काढून टाकत नाहीत. इतरांनी त्याचे दाखले दिलेले असतात, ते धागे तुटतात. फार तर लेखकाची दुरुस्तीची टीप सोबत जोडता येते. सर म्हणाले, टीप कोण वाचतं. ताई घरी आल्या त्या तोंड पाडूनच.

संचालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. बारा मिनिटांच्या भाषणात तळ्याचे झरे कुठे मोजत बसता, असं ते म्हणाले. त्यांच्या मनात पाप नव्हतं. वाचक किती आहेत ते सांगायचंय, निष्कर्ष बरोबर आहे असं तुम्ही कुठे म्हणताय? ते खोटंही नव्हतं आणि तिथेच ताईंचं घोडं अडत होतं. त्यांनी दुसरं उदाहरण शोधून पाहिलं. दुसऱ्या नंबरचा प्रबंध वालाच्या शेंगांवरच्या किडीचा होता. त्याचे आकडे इतके किरकोळ होते, की ते सांगायला समुद्र ओलांडणं शोभलं नसतं. परिषदेला जाऊच नये असाही विचार एकदा डोक्यात येऊन गेला. पण तिकीट काढून झालं होतं आणि यजमान पाचव्या समुद्रापर्यंत पोचले होते.

त्या अस्वस्थतेतच त्यांना एक साधा प्रश्न सुचला, जो खरं तर आधीच सुचायला हवा होता. आकडे ठराविक महिन्यातच का चढतात? त्या महिन्याचे डाउनलोड त्यांनी उघडून पाहिले. बहुतेक सगळे एकाच परदेशी विद्यापीठातून होत होते. तिथे पाण्याचा अभ्यास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. ताईंनी त्यांना ईमेल लिहिलं, भीत भीतच, कारण प्रबंध चुकलाय हे आपल्या तोंडाने सांगावं लागणार होतं.

दोन दिवसांत उत्तर आलं. चूक आहे हे आम्हाला ठाऊक आहे, प्राध्यापिकांनी लिहिलं होतं, म्हणूनच हा प्रबंध मी दरवर्षी वर्गात वाचायला देते. लेखकाने रोजची मोजमापं शेवटी जोडली आहेत, एकही दिवस न गाळता. जिथे हिशोब जुळत नाही, ती पानंसुद्धा तशीच ठेवली आहेत. त्या आकड्यांवरून माझे विद्यार्थी झरे शोधून काढतात. चुकलेले प्रबंध आणखीही असतील, पण ते चुकलेत हे कळायला त्यांत काही ठेवलेलंच नसतं. शेवटी त्यांनी विचारलं होतं, परिषदेहून आमचं गाव रेल्वेने जवळ आहे, एक दिवस जास्त राहून वर्गाला भेटाल का?

ताई लॅपटॉप काखेत मारून तशाच सरांकडे गेल्या. सरांनी उत्तर स्वतः वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे माझी चूक दरवर्षी वर्गात फळ्यावर येते."

"हो."

"मुलांना सापडते?"

ताईंनी हेही विचारून घेतलं होतं. "बहुतेकांना दुसऱ्या तासाला."

सरांनी लॅपटॉप मिटून ताईंकडे सरकवला. "मला अकरा वर्षं लागली," ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात सुटका होती असं काही ताईंना वाटलं नाही. सरांना वाईट मात्र वाटत नव्हतं, एवढं दिसलं. मग म्हणाले, टीप लिहून देतो.

पहिली टीप चांगली चार पानं झाली. तीत विभागप्रमुख होते, पावसाची तक्रार होती, उपकरणांची तक्रार होती. दुसऱ्या खेपेला ती एका पानावर आली. शेवटी त्यांनी आणून दिली ती एवढीच: या प्रबंधाचा निष्कर्ष चुकीचा आहे. तळं आटलेलं नाही. तळातले झरे मी धरले नव्हते. मोजमापं बरोबर आहेत, ती जरूर वापरावीत. खाली सही.

ताईंनी टीप प्रबंधाच्या पहिल्याच पानावर जोडली, आधी ती वाचल्याशिवाय पुढे जाता येऊ नये अशी, आणि भाषण नव्याने लिहायला घेतलं. आता ते चुकलेल्या प्रबंधाबद्दलच होतं. लोक तो का वाचतात आणि तो काढून टाकला असता तर काय गेलं असतं, याबद्दल. संचालकांनी ते वाचलं आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, दारावरचे आकडे काढायचे का. ताई म्हणाल्या, राहू द्या की, आकडे खरेच आहेत. एका दिवसाची जादा रजाही संचालकांनी मंजूर केली. यजमानांना रेल्वेचा नकाशा उघडायला नवं निमित्त मिळालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅगेचं चाक बसवून घ्यायला ताई बाहेर पडल्या, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सर भेटले. हातात काठी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. अक्काकडून येत होते.

"सांगितलं तिला," ते म्हणाले. "तिला केव्हाच कळलं होतं म्हणे. तळं दिसतं की, मला काय डोळे नाहीत, असं म्हणाली. मग म्हणे, त्या घरात ओल फार होती, मला तिथून निघायचंच होतं, तू आयतं निमित्त दिलंस."

"खरंच ओल होती?"

"होती थोडी," सर म्हणाले. "एवढी होती का, ते आठवत नाही मला. लहानपणापासून ती असंच करते. माझ्या हातून कप फुटला, तर त्याला आधीच तडा होता म्हणायची."

चाकवाला दुकान बंद करायच्या बेतात होता, म्हणून ताईंना निघावं लागलं. सर बॅगेला एका बाजूने हात देत कोपऱ्यापर्यंत सोबत आले. वर्गातल्या मुलांना काही निरोप सांगायचाय का, असं ताईंनी विचारलं. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, निरोप काही नाही. पण ओढ्याचं मोजमाप मी सकाळीच का घ्यायचो, असं कुणी विचारलं, तर सांगा, दुपारी तिथे म्हशी डुंबायच्या.